न उकळलेली सुई

११ फेब्रुवारी २०२३. आसनगाव.
कल्पीकडे, म्हणजे मुलीकडे आलोय. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन उद्या होतं. होणार नाही. सकाळी शहापूरला रक्त घेतलं, दुपारी सगळ्यांची नावं पुकारून झाली, माझं राहिलं. मग सिस्टरने बाजूला घेतलं. "काका, तुमच्या रक्तात हेपाटायटीस सी आलाय. काविळीतलाच प्रकार. आधी मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, मग डोळा."
म्हटलं, मला कावीळ कधी झालीच नाही.
"ही दिसत नाही काका. आतल्या आत राहते."
सव्वीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो. अजून गावात कोणी नावाने हाक मारत नाही, कंपाउंडरच म्हणतात. आणि हे पोरीच्या वयाच्या सिस्टरकडून कळावं.

१३ फेब्रुवारी. घरी.
सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "दारू नाय, तंबाखू नाय, मंग झाला कशानं?" रक्तातून होतो म्हटलं. संध्याकाळी माझं ताट-तांब्या वेगळा ठेवला तिने. मीही तेच केलं असतं.

२ मार्च.
धसईहून पहाटेची एस.टी., मुरबाड, कल्याण, पुढे ठाण्याचं मोठं हॉस्पिटल. कल्पी तिथे भेटली. डॉ.बाई तरुण आहेत, घाई करत नाहीत. बरगडीवर एक यंत्र ठेवून टकटक केलं. दुखत नाही.
लिव्हर कडक झालंय. सिरॉसिस, पण अजून काम चालू आहे म्हणाल्या.
"कधीपासून असेल?"
"पंचवीस वर्षं, तीस वर्षं. हा फार सावकाश चालतो. माणूस शेती करतो, पोरांची लग्नं लावतो, काही कळत नाही. आत व्रण वाढत जातात. मग कधीतरी पाय सुजतात, पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते. तुमचं तिथवर गेलं नाही."
दारूचं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी चिडलो. त्या म्हणाल्या, विचारावंच लागतं. मग: कधी रक्त चढवलं? नाही. ऑपरेशन? नाही. जुन्या काळी इंजेक्शनं?
म्हटलं, घेतली नाहीत. दिली.
त्यांनी लिहिणं थांबवलं.
गोळ्या सरकारी, फुकट. अजून काही तपासण्या झाल्या की सुरू. सौ.ची पण तपासणी सांगितली. एका ताटात जेवल्याने होत नाही, हे कल्पीने फोनवरच आईला ओरडून सांगितलं.

३ मार्च.
हे लिहून ठेवतो. कोणाला सांगायला जमेल न जमेल.
गावात डॉक्टरांचा दवाखाना होता तेव्हा काचेच्या सिरिंजा, लोखंडी सुया. बोथट झाली की मी दगडावर घासून धार लावायचो. घासताना बोटात जायचीच. आठवड्यातून दोनदा तरी. मला ते तिथूनच आलं असणार.
नियम असा की प्रत्येक पेशंटनंतर स्टोव्हवर वीस मिनिटं उकळायची. डॉक्टरांनी सांगितलेलं, शिकवलेलं, भिंतीवर लिहिलेलंसुद्धा. पण बाजाराच्या दिवशी साठ-सत्तर माणूस. सुई टोचल्याशिवाय कोणाला बरं वाटायचं नाही. रॉकेल मिळायचं नाही. मग मी स्पिरिटचा बोळा फिरवायचो आणि पुढचा दंड धरायचो. डॉक्टर आत असायचे, त्यांना दिसायचं नाही. ते वारले आता. त्यांच्या अंगावर ढकलणार नाही. बोळा माझ्या हातात होता.

९ मार्च.
सौ.ला नाही. निगेटिव्ह. तिला मी कधी इंजेक्शन दिलंच नव्हतं, घाबरायची. संध्याकाळी ताट पुन्हा शेजारी आलं. 

१९ मार्च.
आज पहिली गोळी (पुढे नुसतं गो. लिहीन). रोज एक, बारा आठवडे. मीठ कमी. सुकट, पापड, लोणचं बंद. सुकटीशिवाय भाकरी म्हणजे आजार खरा.

२६ मार्च.
गो. ८ ला. डोकं थोडं जड.
बारकू आठवतो. त्या दिवशी डॉ.बाई "रक्ताची उलटी" म्हणाल्या तेव्हाच आठवला होता, इथे लिहायचं टाळलं.
बारकू माझ्या वर्गातला. वरच्या आळीत घर, पाच एकर भात, नाचणी. बापाने दारूपायी जमीन घालवलेली ती ह्याने परत उभी केली. त्यामुळे लग्नातसुद्धा कोणी ग्लास पुढे केला तर उठून जायचा. अकरा वर्षांपूर्वी गेला. आधी पाय सुजले, मग पोट घागरीसारखं. हातपाय काड्या. शेवटी सकाळी ओट्यावर रक्ताची उलटी.
लोक म्हणाले, चोरून पीत असणार. पोटात पाणी दुसऱ्या कशाने होतंय? बापाचं रक्त.
बारकूला मी किती सुया दिल्या? दर पावसाळ्यात ताप. चिखलात पायाला खिळा लागला ते एक. भांगलताना विळा लागला ते एक. दंडाचा तीळसुद्धा आठवतो.

२७ मार्च.
दहावा आठवला. नदीवर पिंड ठेवला, कावळा शिवेना. ऊन चढलं. बायका रडायला लागल्या. मग त्याचा भाऊ काशिनाथ, त्याने खिशातून क्वार्टर काढली आणि पिंडाशेजारी ठेवली. "भावाचा जीव ह्याच्यातच आसंल." आणि कावळा आला. तेवढ्यात आला.
संपलं. त्या दिवसापासून बारकू दारुडा.
मी तिथेच उभा होतो. पोटात पाणी इतर कारणांनीही होतं, एवढं मला दवाखान्यात राहून माहीत होतं. बोललो नाही. हिरावैनी, त्याची बायको, लांब बसली होती. तिने एकदा वर बघितलं आणि पदर तोंडावर घेतला.

८ एप्रिल.
सौ.ला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "गेलेल्या माणसाला उकरून काय मिळंल?"
कल्पी फोनवर: "बाबा, गप बसा. लोक दगडं मारतील. आणि त्याच सुईनं झालं हे ठरवणार कोण?"
खरं आहे. डॉ.बाईंनाही विचारलं होतं. आता सिद्ध होत नाही म्हणाल्या. पण त्यांनी दुसरंही सांगितलं. त्या काळी त्या दवाखान्यात इंजेक्शन घेतलेल्यांनी एकदा तपासून घ्यावं. लवकर सापडला तर गोळ्यांनी जातो, लिव्हर वाचतं.
म्हणजे गप्प बसलो तर...

१७ मे.
गो. चालू. डॉक्टरांचं रजिस्टर कुठे राहिलं कोणास ठाऊक. आठवतील ती नावं वहीच्या मागच्या पानावर लिहितोय. त्यातली कितीतरी माणसं गेली. कशाने गेली ते आठवायचा प्रयत्न करतो.
वरच्या आळीत गेलो होतो. हिरावैनी आंबोशी वाळत घालत होती. "बसा भावजी." बसलो. पाऊस कधी, बी कोणतं, नातवाची शाळा. काळा चहा घेतला आणि आलो. सांगायला गेलो ते राहिलंच.

११ जून.
शेवटची गो. काल झाली. आता तीन महिने थांबायचं, मग रक्त तपासून कळणार विषाणू गेला की नाही.
आज सांगितलं.
हिरावैनी एकटी होती, तांदूळ निवडत. उभ्यानेच बोललो, बसलो असतो तर पुन्हा राहिलं असतं. मला काय झालंय, ते कशाने होतं, सुया कशा वापरल्या. बारकूला हेच झालं असावं. नक्की नाही, पण असावं. तो पीत नव्हता हे मला माहीत होतं, आणि दहाव्याला मी गप्प बसलो.
सूप थांबलं. 
"रोज रातच्याला मी त्यांचं तोंड हुंगायची," ती म्हणाली. "गेलं तरी. मेलेल्या माणसाचं हुंगलंय मी, भावजी. वास नव्हताच. तरी मी लोकांचं खरं मानलं."
तिने सूप खाली ठेवलं.
"मंग तवा का नाय बोललाव तुमी?"
मी सुपातल्या तांदळाकडे बघत राहिलो. 
"जावा आता," म्हणाली.

४ जुलै.
लावणी. माझ्याने वाकवत नाही, बांधावर बसून रोपांचे मुठे पुढे करतो. हिरावैनीचं शेत ओढ्यापलीकडे. आज सकाळी समोरासमोर आलो. तिने डोक्यावरचं इरलं पुढे ओढलं नि गेली.

१२ ऑगस्ट.
दारात हिरावैनी. आत येईना. सौ.ने पाणी दिलं ते घेतलं नाही.
"मना एकटीला सांगून काय उपेग? माझी पोर शेणव्याला दिलीय. सासू उठता-बसता दारुड्याची पोर म्हणते तिला. ज्यांनी ती बाटली ठेवलेली पाह्यली, त्यांना सांगा."
कुठे सांगू म्हटलं.
"पंधरा ऑगस्टला ग्रामसभा हाय."
ती गेल्यावर सौ. म्हणाली, "जायलाच पायजे आता." मला वाटलं होतं अडवेल.

१५ ऑगस्ट.
झेंडावंदन, मग शाळेच्या खोलीत सभा. पाण्याची टाकी, रस्ता, घरकुलाची यादी. शेवटी सरपंच म्हणाल्या, आणखी कोणाचं काही? मी उठलो.
काय बोललो ते सगळं आठवत नाही. एवढं नक्की म्हणालो: बारकूने आयुष्यात दारू घेतली नव्हती. त्याला जे झालं ते मला झालंय. मीही घेत नाही. आणि ते माझ्या सुईने झालं असण्याची शक्यता आहे. त्या काळी माझ्याकडून सुई घेतलेल्यांनी तपासून घ्या.
काशिनाथ पुढेच बसला होता. मान खाली.
कोणीतरी मागून, "जाऊ द्या, म्हातारा माणूस, आजारानं बोलतो." दोघं-चौघं हसले. तेवढ्यात गिरणीवाला हरी उठला. "माझी आय आशीच गेली. पोट फुगून. पाच वरसं आमी भगताकडं फेऱ्या मारल्या. करणी केली म्हणून चुलत्याशी बोलनं तोडलं आमी." मग माझ्याकडे बघून, "तुमीच दिलेल्या ना तिला सुया?"
हो म्हटलं.
तो बाहेर निघून गेला. सभा तशीच उठली. बायकांच्या बाजूला हिरावैनी शेवटपर्यंत बसून होती. काशिनाथकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

१६ ऑगस्ट.
दळण घेऊन गेलो. हरीने डबा घेतला नाही. सौ. दुसऱ्या गावच्या गिरणीत गेली.

२२ ऑगस्ट.
अनोळखी नंबर. शेणव्याहून बारकूची मुलगी. "काका, आय बोलली मला. माझ्या सासूला फोनवर सांगाल का एकदा? सभेत सांगितलं तसंच सांगा." सांगितलं. सासू शेवटपर्यंत हूं हूं करत होती. मानलं की नाही माहीत नाही.

१४ सप्टेंबर.
ठाणे. विषाणू गेला. रिपोर्टवर "आढळला नाही". डॉ.बाई हसल्या, मलाही हसू आलं. मग त्या लगेच म्हणाल्या, "काका, पाहुणा गेला, पण घराची पडझड तशीच आहे. व्रण भरून यायला वर्षं लागतात, सगळे भरतही नाहीत. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. आयुष्यभर. अशा लिव्हरमध्ये गाठ होऊ शकते, ती लहान असतानाच सापडली पाहिजे. बरं वाटतंय म्हणून यायचं सोडू नका."
कल्पीने पेढे घेतले. मी एक खाल्ला.

३ ऑक्टोबर.
सभेतलं ऐकून आरोग्य केंद्राचे डॉक्टर तपासणीला आले. शाळेतच. मी यादीची वही घेऊन गेलो होतो, नावं पुकारायला. पूर्वी मीच पुकारायचो. हरी दारात म्हणाला, "ह्यांना आत घेऊ नका." डॉक्टर अवघडले. मी आपणहून बाहेर ओट्यावर बसलो, वही आत पाठवली.
खिडकीतून दिसत होतं. सिस्टर प्रत्येकाला नवी सुई, पाकीट फोडून, वापरली की लाल डब्यात. किती सोपं.
बरीच माणसं आली. वाटलं नव्हतं.

११ ऑक्टोबर.
सात जणांना निघाला. हरीला नाही. हिरावैनीला आहे.

१२ ऑक्टोबर.
जेवण गेलं नाही. तिला दिलेल्या सुया आठवतोय. मुलीच्या वेळची बाळंतीण, ताप उतरेना, घरी जाऊन दिलेल्या.

२९ ऑक्टोबर.
सातही जणांना ठाण्याला न्यायला आरोग्य केंद्राने मला सांगितलं, वाट नि खिडक्या माहीत आहेत म्हणून. दोघं आले नाहीत. आम्हाला काही होत नाही म्हणतात. भात कापून झाल्यावर पुन्हा जाईन त्यांच्याकडे.
हिरावैनी एस.टी.त दोन बाकडी पुढे बसली. तिकडे मात्र हॉस्पिटलात माझ्या मागून चालली, चुकायला नको म्हणून. तिचं लिव्हर अजून बरं आहे. यंत्र ठेवलं तेव्हा तिने बाईंना विचारलं, "माझ्या मालकांचं असं टकटक केलं असतं तर ते वाचलं असतं?"
त्या खोटं बोलल्या नाहीत. "तेव्हा ह्या गोळ्या इकडे नव्हत्या, मावशी."

२० नोव्हेंबर.
हिरावैनीच्या गो. सुरू होऊन दहा दिवस. विसरते म्हणून नातू पाटीवर खडूने खुणा करतो. सौ. सांगत होती. दोघी हल्ली बोलतात.
माझी एंडोस्कोपी झाली. अन्ननलिकेतल्या शिरा जरा फुगल्यात. बारकूच्या ह्याच फुटल्या असणार. मला रोजची आणखी एक गोळी.

१५ जानेवारी २०२४.
संक्रांत. काशिनाथ आला. तीळगूळ दिला, बसला. त्या बाटलीचं काही बोलला नाही. जाताना म्हणाला, "ती क्वार्टर मी माझ्यासाठी आनलेली, कंपाउंडर. भावासाठी नाय. लोकं ताटकळली व्हती, म्हनून ठेवली." मी म्हटलं, हे वैनीला सांग. "सांगतो," म्हणाला. सांगेल असं वाटत नाही.

४ फेब्रुवारी.
वैनीच्या गो. संपल्या. तिचंही आता तीन महिने थांबायचं.
राहिलेल्या दोघांपैकी एक तयार झाला. दुसऱ्याने माझ्यावर कुत्रं सोडलं. कुत्रं माझ्या ओळखीचं होतं.

१८ एप्रिल.
सोनोग्राफी. आजवर पाच मिनिटांत उठवायचे, आज वीस मिनिटं. एकाच जागी पुन्हा पुन्हा. मग मोठे डॉक्टर बघायला आले.
दीड सेंटीमीटरचा ठिपका. डॉ.बाई म्हणाल्या, "काहीही असू शकतं. सीटी करू. लहान असताना दिसलाय, हे चांगलं." सीटी ७ मे.
नवल म्हणजे भीती वाटली नाही. सवय झाली असेल. घरी सौ.ला फक्त तारीख सांगितली.

२५ एप्रिल.
सौ.ला कळलंच. रिपोर्ट कल्पीला वाचायला पाठवला तिने. रडली नाही. अंगणातला चिंचेचा पाला झाडत राहिली, झाडून झालेलं पुन्हा झाडत. मग, "मी येनार सात तारखेला." म्हटलं घरी कोण, म्हैस व्यायला आलीय. तर म्हणाली, मग मी थांबते, वैनीचीही त्याच दिवशी तारीख आहे, ती आहे ना सोबत.
वैनीची तारीख कोणती हे मला माहीत नव्हतं. हिला होतं.

७ मे. ठाणे, हॉस्पिटलच्या बाकावर.
पहाटे मुरबाडला एस.टी. बदलली. हिरावैनी खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारच्या जागेवर हात मारला. बसलो. गेल्या जूनपासून पहिल्यांदा शेजारी.
कल्याणच्या अलीकडे विचारलं. नाहीतर राहिलंच असतं. "वैनी, राग गेला का थोडा?"
ती बाहेर बघत होती. "नाय. का जाईल?" मग बऱ्याच वेळाने, "पन राग धरायला तुमी जित्तं पायजे ना. मेलेल्यावर मी लई वरसं धरलाय, त्याचा काय उपेग झाला."
नंतर तिने भाकरी काढली, अर्धी मला दिली. सीटीसाठी उपाशी राहायचंय म्हटलं तर परत गुंडाळून ठेवली. "मंग दोघं नंतर खाऊ."
आता साडेअकरा. माझा नंबर दोन माणसांनंतर. दंडात औषधासाठी सुई टोचून ठेवलीय. नवी, पाकीट माझ्यासमोर फोडलं. तिचा रक्ताचा रिपोर्ट वरच्या मजल्यावर बाईंकडे आलाय म्हणे. आत्ता शिपायाने तिचं नाव पुकारलं. ऐकू आलं नाही तिला, मी सांगितलं. उठली. पिशवी माझ्याजवळ ठेवून म्हणाली, "तुमचं आधी झालं तर जाऊ नका. थांबा."
जिन्याने वर जाताना दिसतेय. सावकाश जाते, कठड्याला धरून. माझ्या आधीच्या माणसाला आत घेतलं.